आधी गोगलगायी गेल्या

पत्र (संक्षिप्त करून)

मी ४६ वर्षांचा, नाशिकला नोकरी करतो. मालवणला पहिल्यांदा स्नॉर्केलिंग केलं आणि डोक्यात समुद्र शिरला. दोन वर्षांपूर्वी हॉलमध्ये चार फुटी, साधारण ३०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक लावला. त्यात दोन क्लाऊनफिश, एक गोबी आणि सगळी मऊ कोरलं (कठीण सांगाडा नसलेली प्रवाळं) आहेत: एक मोठं लेदर, झोआंच्या दोन वसाहती, काही मश्रूम, थोडी झेनिया. दीड वर्ष दृष्ट लागावी असा टँक होता. डिसेंबरात गोगलगायी मरायला लागल्या, त्यांच्यामागून क्लीनर श्रिम्प (कोळंबी) गेली. जानेवारीत झेनिया विरघळल्यासारखी नाहीशी झाली. आता लेदर तीन महिने मिटलेलं आहे, झोआ उघडत नाहीत, मश्रूम आक्रसलेत. मासे मात्र ठणठणीत. उन्हाळ्यात पाणी २९ अंशांवर जायला लागलं म्हणून मार्चमध्ये संपवर (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीवर) पंखा बसवला. उलट त्यानंतर जास्तच बिघडलं. दुकानदाराच्या सांगण्यावरून दिवे बदलले, मीठ बदललं, आयोडीन, ट्रेस एलिमेंट्स, केएच (पाण्याची क्षारता) वाढवायची पावडर, सगळं घातलं. २२ हजार रुपये गेले. पाण्यात तर काही दोष नाही: नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, केएच ११.५, कॅल्शियम ३९०, सॅलिनिटी (खारटपणा) १.०२२. रोज आटतं तेवढं पाणी घालतो तेही नळाचं नाही; दिवाळीत स्वयंपाकघरात तांब्याच्या कार्ट्रिजचा नवा आरओ बसवलाय, त्याचं शुद्ध पाणी वापरतो. बायको म्हणते, गोगलगायी मेल्या तेव्हाच मला कळलं होतं काहीतरी बिघडलंय, आता आणखी पैसे ओतू नका, बंद करा हा टँक. दुकानदार म्हणतो, जुनी कोरलं काढा, हॅमर आणि टॉर्च ही कठीण कोरलं देतो, ती कणखर असतात. मला एवढंच सांगा, कोणतं औषध घालू?

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलने रेघ मारली. ते वाक्य कोरलांबद्दलचं नाही, दिव्यांबद्दलचं नाही, २२ हजारांबद्दलचंही नाही. स्वयंपाकघरातल्या आरओबद्दलचं आहे. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, आपली बाजू भक्कम करायला: बघा, मी नळाचं पाणीसुद्धा घालत नाही.

आता तुमच्याच पत्रातले महिने एका ओळीत मांडते. दिवाळीत तांब्याच्या कार्ट्रिजचा, म्हणजे गाळलेल्या पाण्यात मुद्दाम थोडं तांबं सोडणारा आरओ. डिसेंबरात गोगलगायी. मग श्रिम्प. जानेवारीत झेनिया. मार्चमध्ये पंखा आणि पंख्यानंतर उरलेलं सगळं. मासे ठणठणीत. हा क्रम समुद्री टँक ठेवणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसापुढे ठेवा, तो आधी एकच गोष्ट विचारेल: पाण्यात कुठून तांबं जातंय का? पत्रावरून निदान करणं म्हणजे फोनवरून नाडी बघणं, त्यामुळे मी तांब्याला अजून गुन्हेगार म्हणत नाही. पण पहिला संशयित तोच, आणि इतरांपासून तो बराच पुढे उभा आहे.

तांब्याच्या भांड्यात रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उठल्या उठल्या प्यायचं, हे आपल्याकडे इतक्या घरांत चालतं की पाण्याच्या भांड्याचं नावच तांब्या पडलं. मग तो स्टीलचा का असेना. म्हणून ‘तांब्याचं पाणी’ हे शब्द कानावर पडले की आपण निर्धास्त होतो. माणसांपुरतं त्यात वावगंही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. खुल्या समुद्राच्या पाण्यात मात्र तांबं असतं लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहूनही कमी. ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. आपल्या मानकात आरामात बसणारं पाणी समुद्राच्या हिशेबाने पन्नास पटींहून अधिक तांबट असू शकतं. जे आपल्याला मानवतं ते त्यांनाही मानवेल, हे तुम्ही गृहीत धरलंत. तुमच्या जागी बहुतेकांनी धरलं असतं.

आणि तुम्ही तर नाशिकचे. द्राक्षबागेत केवड्यावर फवारायचं बोर्डो मिश्रण कशाचं करतात? मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. ते बुरशी मारतं, शेवाळ मारतं. शंखी गोगलगायी पिकात शिरू नयेत म्हणून बांधावर त्याचा पट्टाही टाकतात. तुमच्या टँकमध्ये पहिल्या कोण गेल्या? गोगलगायी. दुसरी श्रिम्प. पाठीचा कणा नसलेल्या जिवांना तांबं फार लवकर लागतं. आणि कोरल स्वतः तर बिनकण्याचं आहेच, शिवाय त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतात, झूझँथेली नावाची. म्हणजे त्याला मार दोन्हीकडून बसतो.

मासे का टिकले, याचंही उत्तर यातच आहे. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की वेगळ्या टँकमध्ये ठेवून लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांब्याचा इलाज करतात. परजीवी मरतात, मासा तरतो. म्हणून समुद्री टँकवाल्यांत जुना नियम आहे: जिथे कोरल आहे त्या पाण्यात तांब्याचं औषध कधीही घालायचं नाही. तुम्ही औषध घातलं नाहीत. पण रोज सकाळी, नकळत, थोडं थोडं तेच घालत गेलात, असं दिसतंय.

आता पंखा. पंखा लावल्यावर का बिघडलं, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात संपवरचा पंखा माठासारखं काम करतो: पाणी आटतं, आटताना उष्णता घेऊन जातं. (मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हाच पंखा निम्मंही काम करत नाही, तिथल्या वाचकांनी चिलरचाच विचार करावा.) पण पाणी आटतं तेव्हा फक्त पाणीच उडून जातं. मीठ मागे राहतं, तांबंही मागे राहतं. तुम्ही आटलेल्या जागी पुन्हा तांब्याचं पाणी ओतता. हिवाळ्यात रोज दोनेक लिटर भर लागत असेल, पंख्यानंतर पाच लिटर तरी लागत असणार. पाच लिटर रोज म्हणजे महिन्याला दीडशे, अर्धा टँक. बासुंदी आटवताना वर वर दूध घालत राहावं तसं हे आहे, फक्त इथे घट्ट होतंय ते दूध नाही. पंख्याने तापमान खाली आणलं असेल, पण त्याच पंख्याने भरीचं पाणी दुपटीहून जास्त केलं. तुम्ही उन्हाळ्याला दोष देत बसलात आणि खरा रस्ता भरीच्या बादलीतून जात होता. बहुधा मीठही त्याच पाण्यात कालवत असाल. म्हणजे पाणी बदलूनही सुटका नव्हती.

हे सगळं मी इतक्या खात्रीने का बोलते? कारण बारा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या टँकच्या पाइपात मी स्वतःच्या हाताने एक पितळी व्हॉल्व्ह बसवला होता. प्लॅस्टिकचा गळत होता, घरात पितळी पडला होता, मजबूत दिसला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्याने तो हळूहळू खाल्ला गेला आणि मी पाच महिने दिव्यांना शिव्या दिल्या.

तेव्हा आधी खात्री करा, आणि ती स्वस्तात होते. दोनेकशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या आणि आरओच्या तोटीखाली धरा. तो तांबं ओळखत नाही, पण ‘शुद्ध’ या शब्दाची किंमत दाखवतो. आपल्या घरगुती आरओत पाणी अगदी बेचव लागू नये म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, किंवा खनिजांचं कार्ट्रिज असतं. ५० किंवा ८० असा आकडा दिसला तर नवल नाही. कोरलांना हवं असतं शून्य. मग तांब्याचं टेस्ट किट घ्या आणि दोन पाणी तपासा, आरओचं आणि टँकचं. आरओच्या पाण्यात तांबं दिसलं तर प्रश्न मिटला. टँकच्या पाण्यात शून्य आलं तर मात्र तांबं निर्दोष सुटलं असं समजू नका. घरगुती किट बारीक प्रमाण पकडत नाही, आणि बरंचसं तांबं दगडांत आणि वाळूत जाऊन बसलेलं असतं. बारीक आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत आयसीपी नावाची, पाण्यातली मूलद्रव्यं बारकाईने मोजणारी तपासणी होते. पण तिच्या निकालाची वाट बघत जुनंच पाणी घालत राहू नका. भरीचं पाणी आजच बदला. निदान चुकलं तरी या उपायाने नुकसान काही नाही.

इथे तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी थोडं थांबते, कारण ‘कोरल मिटलंय, काय घालू’ ही पत्रं मला दर आठवड्याला येतात, आणि त्यातल्या बहुतेक टँकमध्ये तांब्याचा आरओ नसतो. तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते, कोण आधी गेलं? गोगलगायी, श्रिम्प, खेकडे आधी गेले असतील तर धातू किंवा कीटकनाशक. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल कधी झालं, डासांचं लिक्विड टँकशेजारच्या प्लगमध्ये आहे का, काच पुसायच्या चुंबकाला गंज चढलाय का, हे बघा. गोगलगायी मजेत आणि कोरलं तेवढी फिकी पडली असतील तर प्रकाश, उष्णता किंवा उपासमार. एकाच जातीचं कोरल आजारी आणि बाकी सगळी खुलून असतील तर कीड किंवा शेजाऱ्याचा त्रास. टँकचे दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी विजेरी घेऊन बसा, झोआ खाणाऱ्या छोट्या बिनशंखी गोगलगायी आणि चपटे किडे रात्रीच बाहेर येतात. एकाच कोपऱ्यातली मलूल असतील तर पंपाचा झोत बघा. आणि कोरलाच्या अंगावर तपकिरी, शेंबडासारखा थर येऊन वास सुटला असेल तर मात्र त्याच संध्याकाळी ते बाहेर काढून वेगळं ठेवा. घाई करण्यासारखा हा एकच प्रकार.

आणखी एक. मिटलेलं कोरल म्हणजे आजारी कोरल, असं नसतं. तुमच्याकडचं लेदर अधूनमधून कात टाकतं: अंग चकचकीत, मेणचट होतं, पाकळ्या आत, आठवडा-दोन आठवडे असं राहतं, मग पातळ पापुद्रा सुटतो आणि आतून नवंकोरं लेदर फुलतं. या दिवसांत लोक घाबरून चार बाटल्या ओततात आणि ती कात टाकणं खरोखरच्या आजारात बदलतात. तुमचं तीन महिने मिटलेलं आहे, ते अर्थात यात बसत नाही.

आता तुमचे आकडे. ‘पाण्यात तर काही दोष नाही’ या वाक्याशी माझं थोडं भांडण आहे.

नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. कोरल आणि त्याच्या अंगातलं शेवाळ यांचं नातं जमीनमालक आणि कुळाचं आहे. कूळ उन्हात राबतं आणि पिकातला नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा मालकाला देतं. मालक त्याला राहायला जागा देतो आणि आपला टाकाऊ माल खत म्हणून देतो. असा करार आपल्याकडे कुठल्या कुळाने मान्य केला नसता, पण समुद्रात तो कोट्यवधी वर्षं चाललाय. तुम्ही खतच शून्यावर आणलंत तर कूळ काय पिकवणार? नायट्रेट २ ते १० पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असं थोडं ‘घाण’ पाणी मऊ कोरलांना आवडतं. एवढे जीव मेले आणि आकडा शून्यच, हे मला पटतही नाही; किटवरची मुदत बघा, आणि नायट्रेटच्या किटमधली बाटली सांगितली तितका वेळ खरोखर हलवता का, तेही. शून्य खरंच असेल तर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) थोडा कमी करा आणि माशांना एक चिमूट जास्त खायला द्या.

केएच ११.५ आहे, कारण तुम्ही पावडर घालताय. समुद्रात तो ७ च्या आसपास असतो. ८-९ वर स्थिर राहिला तर पुरे. पावडर थांबवा, पाणी बदलता बदलता तो आपोआप उतरेल. उतरवायला दुसरी पावडर आणू नका. कॅल्शियम ३९० ला हात लावायची गरज नाही. सॅलिनिटी १.०२२ ही कमी आहे, समुद्राला जवळचा आकडा १.०२५ ते १.०२६. तुम्ही मोजता कशाने? काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरने मोजत असाल तर काट्याला चिकटलेला एक बुडबुडासुद्धा आकडा फुगवतो, म्हणजे खरी सॅलिनिटी आणखी कमी असू शकते. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावर खारटपणा मोजणारी दुर्बीण) घ्या आणि तो समुद्राइतक्या खारट, ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा, साध्या पाण्याने नव्हे. मग भर घालताना साध्या पाण्याऐवजी काही दिवस हलकं मीठपाणी घाला, दिवसाला ०.००१ हून जास्त चढू देऊ नका.

बाटल्यांची यादी मी दोनदा वाचली. आयोडीन, ट्रेस, पावडर, नवं मीठ, नवे दिवे. यातली एकेक गोष्ट चुकीची असेलच असं नाही. पण महिनाभरात पाच गोष्टी बदलल्यावर सहाव्या दिवशी कोरल थोडं खुललं तर श्रेय कोणाला द्याल, आणि आणखी मिटलं तर दोष कोणाला? दुकानदार वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही ‘काय घालू’ विचारलंत, त्याने घालायच्या वस्तू दाखवल्या. ‘काय थांबवू’ असं काउंटरवर विचारणारं गिऱ्हाईक त्यालाही कधी भेटलं नसेल.

आता करायचं काय. आजपासून आरओचं पाणी बंद, सगळ्या बाटल्याही बंद. टँकसाठी वेगळं आरओ-डीआय युनिट लागेल, ज्यात शेवटी उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा असतो आणि बाहेर येणारं पाणी शून्य टीडीएस दाखवतं. स्वयंपाकघरातल्या आरओच्या मागे हे लावायच्या भानगडीत पडू नका. युनिट येईपर्यंत साध्या आरओ प्लांटचे २० लिटरचे जार आणा, मीटरने तपासून. पहिल्या दोन आठवड्यांत तीनदा पाव टँक पाणी बदला, म्हणजे दरवेळी ७५ लिटर आणि त्यात साधारण पावणेतीन किलो मीठ, आदल्या रात्री कालवलेलं, तापमान जुळवलेलं. टँकमधली सॅलिनिटी चढत असेल तशीच नव्या पाण्याची ठेवा. पहिल्याच दिवशी १.०२६ चं पाणी ओतू नका. तीन बदलांनंतर जुन्या पाण्यातलं ४२ टक्के अजून टँकमध्ये असेल, म्हणून संपमध्ये तांबं शोषणारं रेझिन आणि ताजा कार्बन ठेवा. लेदर आपल्या बचावासाठी पाण्यात जी रसायनं सोडतं, तीही कार्बन ओढून घेतो. नंतर आठवड्याला ३० लिटर पुरे. दगड आणि वाळू साठवलेलं तांबं हळूहळू परत सोडतात, त्यामुळे चार आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि रेझिन बदला.

दिवे पुन्हा बदलू नका. आहेत ते निम्म्यावर आणा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर न्या. अशक्त कोरलाला नवा एलईडी म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाला भर उन्हात उभं करणं. तापमान २५ ते २६ वर ठेवा. पंखा चालू राहू द्या, त्याची काही चूक नव्हती. पावसाळ्यात हवा दमट झाली की तो तितका गार करणार नाही, पण तेव्हा गरजही तितकी नसेल. वीज जाण्यासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, एवढंच.

हॅमर आणि टॉर्चबद्दल. घेऊ नका. लेदर जगत नाही त्या पाण्यात ती जगणार नाहीत, आणि ती लेदरहून कणखर असतात हे मी पहिल्यांदाच ऐकतेय. शिवाय रात्री लांब शुंडके सोडून शेजाऱ्यांना चटके देतात. पण याहून मोठं कारण कायद्याचं आहे. कठीण सांगाड्याची, भित्ती बांधणारी सगळी कोरलं २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ जिथे आहे तिथेच. त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारसुद्धा साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्यानेच होतो. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर कोरलं निघाली, तेव्हा ती २०२० मध्ये हलवण्याआधी महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मग हॉलमधल्या टँकसाठी कोणीतरी पिशवीत घालून देतो ते कुठून येतं, हा प्रश्न विचारायलाच हवा. ‘सगळेच ठेवतात’ हे उत्तर मला दुकानात अनेकदा मिळालंय. वास्तूसाठी फ्रेममध्ये लावलेलं ‘इंद्रजाल’ही सगळेच ठेवतात, ते काळं कोरल किंवा सी फॅन असतं, आणि तेही त्याच अनुसूचीत आहे. तुमच्याकडची लेदर, झोआ, मश्रूम, झेनिया या यादीत नाहीत. तिथेच थांबा. मालवणच्या पाण्याखाली जे बघून तुम्हाला वेड लागलं, ते तिथेच राहावं असं तुम्हालाही वाटत असणार.

राहिला टँक बंद करायचा प्रश्न, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. वहिनी विरोधात आहेत असं तुम्ही गृहीत धरून लिहिलंय. मला तसं दिसत नाही. गोगलगायी मेल्या तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे ज्यांच्या लक्षात आलं, त्या घरातल्या सगळ्यात चांगल्या निरीक्षक आहेत. तुम्ही आकडे बघत होतात, त्या टँक बघत होत्या. त्यांचं म्हणणं ‘पैसे ओतू नका’ असं आहे, आणि त्या बाबतीत त्या शंभर टक्के बरोबर आहेत. त्यांच्यापुढे खर्च एकदाच, पूर्ण मांडा: आरओ-डीआय युनिट, रिफ्रॅक्टोमीटर, तांब्याचं किट, रेझिन, मीठ. यापलीकडे गणपतीपर्यंत एक रुपया नाही. एवढं कबूल असेल तर चालू ठेवा.

गणपतीपर्यंत लेदरने अंग धरलं नाही, तर बंद करणं हा एकच पर्याय उरत नाही. फक्त माशांचा टँक ठेवता येतो. तुमचे क्लाऊनफिश आणि गोबी उत्तम आहेत, त्यांना कोरलांची गरज नाही, खर्च निम्म्याहून कमी होईल आणि संध्याकाळी समोर बसायला काहीतरी राहील. यात हार मानण्यासारखं काही नाही. मी ओळखते त्या टँकवाल्यांतले निम्मे शेवटी तिथेच सुखाने स्थिरावले.

काहीही ठरलं तरी एक गोष्ट लक्षात ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा. झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. झोआ चिकटलेला दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, कोरडा घासायचा नाही; वाफेतून आणि उडालेल्या थेंबांतून ते विष डोळ्यांत आणि छातीत जातं, आणि अशाने अख्खी कुटुंबं दवाखान्यात पोहोचली आहेत. मेलेली वाटणारी वसाहतसुद्धा हातमोजे आणि चष्मा घालून, पाण्यातच सोडवायची. दर दिवाळीला सगळं घर घासून काढायची आपली सवय बघता हे मी दोनदा सांगते.

सुधारणा बघायची ती रोज नाही. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागेवरून फोटो काढा. आधी मश्रूम पसरतील, मग झोआ एकेक करून तोंड उघडतील, लेदर सगळ्यात शेवटी. झेनिया परत येणार नाही, ती गेली. सगळं नीट चाललं आणि दोन तपासण्यांत तांबं दिसलं नाही, तर गणपतीच्या सुमारास दोन गोगलगायी आणा, दोनच. तासभर थेंब थेंब पाण्याने सवय करून टँकमध्ये सोडा, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम वहिनींना द्या. काचेवर चढून शेवाळ खायला लागल्या आणि तीन आठवडे टिकल्या, तर मला कळवा.